गाडीत सॅटेलाइट रेडिओ बसवायचाय? आधी टपाकडे बघा

अमेरिकेत नवी किंवा थोडीफार वापरलेली गाडी घेतली की किल्लीबरोबर एक गोष्ट न मागता येते. सिरियसएक्सएम या कंपनीचा सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे उपग्रहावरून ऐकू येणारा, काही दिवस फुकट. बहुतेक वेळा तीन महिने. मग पाकिटं येऊ लागतात, ईमेल येतात, जेवायच्या वेळेला फोन येतात. तुमची सेवा संपत आली आहे, आजच चालू ठेवा. कसली सेवा, ती आपण घेतली कधी, हे ज्याच्या नावाने पाकीट येतं त्यालाच अनेकदा ठाऊक नसतं.

दुसरीकडे ज्यांच्या गाडीत हे नाही त्यांची चौकशी चालू असते. मित्राच्या गाडीतून न्यू जर्सीतल्या एडिसनहून नायगाऱ्याला गेलो, सहा-सात तास एकच स्टेशन वाजत होतं, मध्ये खरखर नाही की काही नाही. आपल्या जुन्या टोयोटा कॅमरीत बसेल का हे?

बसेल. घरच्या घरी एका दुपारचं काम आहे. पण दुकानात गेल्यावर बहुतेक जण सगळा वेळ डबा निवडण्यात घालवतात, आणि डबे तर एकमेकांच्या तोडीचेच असतात. ऐकताना फरक कळतो तो दोनच गोष्टींचा: अँटेना कुठे बसवला आणि रेडिओतला आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत कुठल्या वाटेने नेला. या लेखातही मी त्याच दोन गोष्टींवर जास्त रेंगाळणार आहे.

## आकाशातून येतं म्हणजे नक्की काय येतं

साधा एफएम रेडिओ गावातल्या मनोऱ्यावरून येतो. मनोरा मागे पडला की स्टेशन गेलं. सॅटेलाइट रेडिओचा मनोरा विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर टांगलेला आहे. एवढ्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून जमिनीवरून बघता तो एका जागी खिळलेला असतो. तिथून अमेरिकेची सलग ४८ राज्यं आणि कॅनडाचा बराचसा दक्षिण भाग एका नजरेत येतो. म्हणून बोस्टनला लावलेलं स्टेशन सॅन डिएगोपर्यंत बदलावं लागत नाही.

यासाठी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवला आणि १९९७ साली त्याचा लिलाव केला. दोन कंपन्यांनी तो घेतला. एक पुढे सिरियस झाली, दुसरी एक्सएम. एक्सएमचं प्रसारण १२ सप्टेंबर २००१ ला सुरू व्हायचं होतं. आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सांगायला नको. ते पुढे ढकलून २५ सप्टेंबरला सुरू झालं. सिरियस २००२ च्या फेब्रुवारीत आली. दोघींनी एकमेकींशी स्पर्धा करत एवढा पैसा ओतला की शेवटी २००८ च्या जुलैमध्ये त्या एक झाल्या. आज या बाजारात तीच एक कंपनी आहे. त्यामुळे ‘कुठल्या कंपनीचा घेऊ’ हा प्रश्न उरलेला नाही.

मात्र एक गोम आहे. कंपन्या एक झाल्या तरी दोघींची यंत्रणा वेगवेगळी होती. जुना फक्त सिरियसचा रेडिओ एक्सएमचं प्रसारण पकडत नाही आणि एक्सएमचा सिरियसचं पकडत नाही. गराज सेलमध्ये दहा डॉलरला जुना संच दिसला की हात शिवशिवतात, पण तो आता चालू करून मिळतो का, हे कंपनीला त्याचा क्रमांक सांगून आधी विचारावं. नाही म्हणाले तर तुमच्या हातात एक घड्याळ उरतं, तेही चुकीची वेळ दाखवणारं.

## पुलाखालून जाताना आवाज का तुटत नाही

उपग्रहाचा सिग्नल टॉर्चच्या उजेडासारखा सरळ रेषेत येतो. मध्ये पूल आला, उंच इमारत आली, की अडला. मग महामार्गावर दर दोन मैलांना पूल असूनही गाणं अखंड कसं ऐकू येतं?

घरात महत्त्वाचा निरोप पाठवायचा असला की आजी तो दोन पोरांकडून पाठवते: एकाला आत्ता, दुसऱ्याला थोड्या वेळाने, दुसऱ्या गल्लीतून. एक कुठे खेळत बसला तरी दुसरा पोचतो. इथेही तेच केलं आहे. एकच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून येतो आणि त्यातला एक मुद्दाम सुमारे चार सेकंद मागे ठेवलेला असतो. गाडीतला रेडिओ पुढे आलेला भाग स्मृतीत साठवतो आणि मागून येणाऱ्याशी जुळवून मग वाजवतो. पुलाखालची दोन-तीन सेकंदं एका वाटेने हुकली तरी तोच भाग दुसऱ्या वाटेने हाती आलेला असतो.

स्वतः बघायचं असेल तर गाडी मोकळ्या जागी उभी करा, रेडिओ चालू ठेवा आणि टपावरच्या अँटेनावर स्टीलचं पातेलं उपडं घाला. आवाज लगेच बंद होत नाही. काही सेकंद गाणं चालूच राहतं, मग गप्प होतं. ती साठवलेली सेकंदं.

मॅनहॅटनसारख्या ठिकाणी इमारतींच्या दरीत दोन्ही उपग्रह अडतात. तिथे कंपनीने जमिनीवर, म्हणजे इमारतींच्या गच्च्यांवर आणि मनोऱ्यांवर, पुनर्प्रक्षेपक बसवले आहेत. आकाशातून आलेलंच ते गल्लीबोळांत पुन्हा फेकतात. लांब बोगद्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र तिन्ही वाटा बंद. तिथे आवाज जाणारच, आणि तो रेडिओचा बिघाड नसतो.

## आधी गाडीत आहे का ते बघा

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अमेरिकेत विकलेल्या बहुतेक गाड्यांत हा रेडिओ कारखान्यातूनच बसवलेला असतो. स्टिरिओवर बँड बदलायचं बटण दाबत जा. एएम, एफएम यांच्यानंतर एसएक्सएम किंवा सॅट असं काही दिसलं तर काम झालं, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. टपावर मागच्या बाजूला शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा जो छोटा उंचवटा असतो त्यातच बहुधा याचा अँटेना दडलेला असतो.

तिथे शून्य क्रमांकाची वाहिनी लावली की पडद्यावर रेडिओचा स्वतःचा क्रमांक दिसतो. गाडीच्या कागदांबरोबर तो लिहून ठेवा. फोनवर सांगताना होणारा घोळ टाळण्यासाठी त्यात इंग्रजी आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं वापरलेलीच नाहीत. म्हणजे गोल दिसलं ते शून्यच आणि उभी रेघ दिसली ती एकच. नावाचं स्पेलिंग दर फोनवर तीनदा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं मोल कळावं.

बटण आहे पण वाहिन्याच येत नाहीत, असंही होतं. सदस्यत्व संपलेलं असतं, किंवा आधीच्या मालकाने टपावर सामानाची पेटी बसवताना अँटेना झाकून टाकलेला असतो.

## नसेल तर काय घ्यायचं

पहिला मार्ग म्हणजे स्टिरिओच बदलायचा. बाजारात सिरियसएक्सएमसाठी तयार असलेले स्टिरिओ मिळतात. पायोनियर, केनवुड, सोनी, अल्पाइन, सगळ्यांचे. त्यांच्या पाठीमागे एक खाच असते आणि त्यात एसएक्सव्ही३०० नावाची पत्त्यांच्या जोडाएवढी डबी जोडायची. ही डबी म्हणजे ट्यूनर, खरा रेडिओ तोच. तो डॅशबोर्डच्या मागे कायमचा दडून जातो, वीज स्टिरिओकडूनच घेतो आणि गाण्याचं नाव स्टिरिओच्याच पडद्यावर दाखवतो. दिसायला नीटनेटकं, ऐकायला सगळ्यात चांगलं. खर्चाचं मात्र नीट गणित करा. स्टिरिओ वेगळा, ट्यूनर वेगळा, तुमच्या गाडीच्या वायरिंगला जुळणारा जोड वेगळा, डॅशबोर्डची चौकट वेगळी, आणि स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालू राहायला हवी असतील तर त्याचं आणखी एक यंत्र. शिवाय ज्या गाड्यांत स्टिरिओच्या पडद्यातूनच एसी, घड्याळ आणि मागचा कॅमेरा चालतो त्यांत या वाटेला न गेलेलं बरं.

दुसरा मार्ग म्हणजे बाहेरून लावायचा छोटा संच. ऑनिक्स नावाची मालिका याच जातीतली. हातात मावेल एवढा रेडिओ, तो अडकवायला पाळणा, अँटेना आणि सिगारेट लायटरच्या खाचेत घालायची वायर. संच काढून दुसऱ्या गाडीत किंवा घरातल्या वेगळ्या पाळण्यात लावता येतो. आपल्या बहुतेक वाचकांसाठी हाच मार्ग. लीजवरच्या गाडीत तर दुसरा विचारही करू नये, कारण तीन वर्षांनी ती गाडी होती तशी परत द्यायची असते.

तिसरा मार्ग म्हणजे काहीच न बसवता फोनवर कंपनीचं ॲप. त्यात उपग्रहाचा काही संबंध नाही, ते इंटरनेट आहे. त्याबद्दल पुढे.

## आवाज स्पीकरपर्यंत नेणार कसा

बाहेरून लावलेल्या संचाला स्वतःचा स्पीकर नसतो. त्यातला आवाज गाडीच्या स्टिरिओत घालावा लागतो. ‘इतके पैसे घालून आवाज फाटकाच’ अशी तक्रार करणाऱ्यांची गाडी बहुतेक इथेच अडलेली असते.

सगळ्यात सरळ वाट ऑक्सची. गाडीत हेडफोनच्या पिनेएवढी गोल खाच असेल, पुढच्या कप्प्यात किंवा हाताखालच्या पेटीत, तर तीन-चार डॉलरची वायर घ्या आणि संच थेट जोडा. बाकी काही वाचायची गरज नाही. कधी कधी इंजिन चालू केल्यावर स्पीकरमधून बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढतो-उतरतो. संचाची वीज आणि आवाजाची वायर, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी गाडीच्या अर्थिंगला टेकतात म्हणून हे होतं. ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा तुकडा मिळतो, त्याने ते जातं. संच बदलायला दुकानात धावू नका.

ऑक्स नसेल आणि गाडी अगदी जुनी असेल तर कॅसेटची खाच असते. वायरवाली खोटी कॅसेट आत सरकवायची. हसू नका, एफएमपेक्षा ती कितीतरी वेळा बरी वाजते. ब्लूटूथने जाणारे संचही आहेत, रोडी बीटी त्यातला एक. गाडीला ब्लूटूथवरून फक्त फोन नव्हे, गाणीही घेता येतात ना, एवढं बघून घ्या.

आता एफएम. संचाच्या आतच एक चिमुकलं एफएम स्टेशन असतं. तुम्ही एक रिकामी जागा निवडता, समजा ८८.१, संच त्यावर बोलतो आणि गाडीचा रेडिओ तिथे लावला की ऐकू येतं. वायर नाही, खटपट नाही. म्हणून सगळे हेच करतात आणि मग पस्तावतात. या चिमुकल्या स्टेशनाची ताकद कायद्यानेच थोड्या अंतरापुरती ठेवलेली आहे. नेवाडाच्या वाळवंटात रिकामी जागा शोधावी लागत नाही. न्यू जर्सी टर्नपाइकवर मात्र एका बाजूला न्यूयॉर्कची स्टेशनं आणि दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाची. एडिसनला रिकामी असलेली जागा ट्रेंटनला भरलेली. मग चालत्या गाडीत बटणं पिळत बसायचं.

२००६ च्या सुमारास उलटीच तक्रार होती. काही संचांतली ही एफएम स्टेशनं ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जोरात बोलत होती. एफसीसीपर्यंत प्रकरण गेलं. सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या रेडिओवर सार्वजनिक केंद्राचं शांत निवेदन चालू असायचं आणि शेजारच्या गाडीतला तोंडाळ निवेदक हॉवर्ड स्टर्न त्यावर चढून बसायचा. स्टर्न त्याच वर्षीच्या जानेवारीत सिरियसवर आला होता आणि त्याची भाषा सकाळी पोरांना शाळेत सोडताना ऐकायची नव्हे. त्यानंतर निर्मात्यांनी ताकद आवरली. तुमचा एफएम आज क्षीण वाटतो त्याचं हे एक कारण.

ऑक्सही नाही, कॅसेटही नाही, तर एक मधला उपाय आहे: एफएमचा थेट जोड. गाडीच्या एफएम अँटेनाची वायर स्टिरिओला जिथे मिळते तिथे एक छोटी डबी घालायची. सॅटेलाइट चालू असताना ती बाहेरची स्टेशनं तोडते आणि तुमचा आवाज वायरीतून आत सोडते. त्यासाठी स्टिरिओ बाहेर ओढावा लागतो, म्हणून हे काम गाडीच्या वायरिंगवाल्याकडून करून घ्यावं.

## अँटेना: टपावरच, आणि मधोमध

अँटेना असतो आगपेटीएवढा काळा ठोकळा. तळाशी लोहचुंबक. त्याला दिसायला पाहिजे फक्त आकाश. अमेरिकेतून बघता हे उपग्रह दक्षिणेला असतात. न्यू जर्सीतून एक क्षितिजापासून साधारण ४० अंश वर आणि दुसरा नैऋत्येकडे आणखी खाली झुकलेला, २७-२८ अंशांवर. सियाटलसारख्या उत्तरेच्या गावात ते आणखी खाली उतरतात. म्हणजे डोक्यावरचं आभाळ मोकळं असून भागत नाही, बाजूचंही मोकळं लागतं.

म्हणून डॅशबोर्डवर काचेमागे ठेवलेला अँटेना निम्मं आकाश गमावतो. टप मध्ये येतो. काही पुढच्या काचांत उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो, मग तर उरलेलंही जातं. बॉनेटवर किंवा डिकीच्या झाकणावर ठेवला तर गाडीच्या केबिनची सावली पडते. टपावर, कडेपासून निदान वीतभर आत, ही जागा. टपाचा पत्रा नुसता बसायची जागा नाही. तो अँटेनाच्या कामातला भागीदार आहे, खालून परावर्तन देतो. अगदी कडेला ठेवला तर एका बाजूचा भागीदार कमी होतो. सामानाचे दांडे, सनरूफची सरकती काच आणि दुसरे अँटेना यांच्यापासूनही तो लांब ठेवा.

चिकटवण्यापूर्वी ती जागा ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडी होऊ द्या. खाली वाळूचा एक कण राहिला तरी वाऱ्याने ठोकळा थरथरतो आणि महिन्याभरात रंगावर गोल ओरखडा उमटतो. ब्रशवाल्या कार वॉशमध्ये जाण्यापूर्वी अँटेना काढून आत घ्या. हिवाळ्यात टपावर ओला बर्फ साचला की आवाज जातो. सकाळी काच खरवडताना ठोकळ्यावरूनही हात फिरवा.

सगळ्या टपांना चुंबक चिकटत नाही, हेही ध्यानात घ्या. फोर्डच्या एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे. काही गाड्यांचा अख्खा टप काचेचा असतो. चुंबक घसरला तर अँटेना दोन वाटांनी बसतो: चिकटपट्टीवाल्या धातूच्या चकतीवर किंवा काचेवर लावायच्या वेगळ्या अँटेनाने. खरेदीपूर्वी फ्रीजवरचा एखादा चुंबक टपाला लावून बघा, एवढंच.

## वायर आत आणताना

वायर सहा-सात मीटर लांब असते आणि लोक ती पुढच्या दारातून सरळ आत घेतात. दार आपटलं की वायर चिरडते, पावसात त्याच वाटेने पाणी आत झिरपतं. उलट मागे न्या. टपावरून मागच्या काचेच्या रबरी कडेत बोटाने दाबत खाली आणा. सेडान असेल तर डिकीच्या कोपऱ्यातून, रबराच्या आतून, डिकीत. डिकीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. तिथून मागच्या सीटखालून, मग दारांच्या खाली उंबरठ्यासारखी जी प्लास्टिकची पट्टी असते तिच्या खालून पुढे डॅशबोर्डपर्यंत. ती पट्टी हाताने वर ओढली की बहुतेक गाड्यांत टकटक करून निघते. स्क्रूड्रायव्हर घातलात तर खुणा राहतील.

पुढच्या काचेच्या दोन बाजूंना जे खांब असतात त्यांतून मात्र वायर घालू नका. तिथे बऱ्याच गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिच्या वाटेत वायर आली तर अपघाताच्या वेळी काय होईल ते बघायची वेळ न येवो. खालची वाट लांबची आहे, पण तीच बरी.

वायर कुठेही काटकोनात दुमडू नका, कापून छोटी तर मुळीच करू नका. उरलेली सैल गुंडाळी करून सीटखाली बांधा. शेवटची पिन संचात टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची. ‘अँटेना तपासा’ असा संदेश येतो तेव्हा बहुतेकदा ही पिनच अर्धी बसलेली असते.

विजेचं फार सांगण्यासारखं नाही. लायटरची खाच किल्ली काढल्यावर बंद होते ना, बघा. काही गाड्यांत ती चालूच राहते. मग विमानतळाच्या पार्किंगमध्ये दोन आठवडे गाडी ठेवून भारतात जाऊन आलात की बॅटरी उतरलेली.

संच चालू करायचं काम मोकळ्या अंगणात करा, गराजमध्ये नाही. क्रमांक देऊन सदस्यत्व घेतलं की कंपनी तुमच्या रेडिओसाठी उपग्रहावरून एक संकेत सोडते. तो यायला काही मिनिटं लागतात आणि तोवर रेडिओ चालू असून त्याला आकाश दिसावं लागतं.

## ‘फोन आहे की, मग हे कशाला?’

सगळ्यात रास्त आक्षेप. घर ते ऑफिस वीस मिनिटं, तेही शहरातून, एवढाच तुमचा प्रवास असेल तर हे घेऊ नका. फोनवर सगळं आहे, आणि मराठी ऐकायचं असेल तर फोनच लागेल, कारण उपग्रहावर मराठी वाहिनी नाही.

सॅटेलाइट उपयोगी पडतो तो फोनची पट्टी जिथे संपते तिथे. यलोस्टोनकडे जाताना वायोमिंगात, युटाच्या दक्षिणेला, मोंटानाच्या पठारावर तास न् तास फोनला सिग्नल नसतो. तिथे हा वाजतो. इंटरनेटचा डेटा लागत नाही, कारण सिग्नल फक्त वरून खाली येतो. रेडिओ परत काही पाठवतच नाही, म्हणून तुम्ही काय ऐकता किंवा कुठे आहात हेही साध्या संचातून कुणाला कळत नाही. नव्या गाड्यांत ३६०एल नावाची मिश्र पद्धत आहे. तीत उपग्रहाला गाडीच्या इंटरनेटची जोड असते आणि त्यात माहिती दोन्ही दिशांनी जाते. हा फरक ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी लक्षात ठेवावा.

‘आवाज सपाट वाटतो’ हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. शंभराहून अधिक वाहिन्या एवढ्याशा पट्ट्यात कोंबायच्या तर प्रत्येकीला थोडंच मिळतं. बातम्या आणि गप्पांच्या वाहिन्यांना सगळ्यात कमी. चांगल्या हेडफोनवर ऐकलेलं गाणं इथे लावलं तर झांजांची किणकिण विस्कटलेली कळते. ताशी सत्तर मैलांनी पळणाऱ्या गाडीत, टायरांच्या घरघरीत, मला ते खटकत नाही. तुमचे कान तुमचे.

## पैशाचं

महिन्याच्या सदस्यत्वाचा दर योजनेनुसार बदलतो, आणि संगीताच्या मानधनाचा आकार वेगळा लावलेला असतो. म्हणून जाहिरातीतला आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नाही. सवलतीच्या दराने सुरू केलेलं सदस्यत्व मुदत संपली की पूर्ण दराने आपोआप चालू राहतं. कॅलेंडरवर मुदतीच्या आठवडाभर आधी खूण करा.

बंद करणं हा वेगळाच अध्याय. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीवर दावा लावला: सदस्यत्व सोडू पाहणाऱ्यांना फोनवर आणि चॅटवर ताटकळत ठेवून सवलतीवर सवलत पुढे केली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी, बंद करण्याची ही पद्धत ग्राहकांसाठीच्या केंद्रीय कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. तुम्ही बंद करायला फोन कराल तेव्हा पलीकडून भाव खाली येत जाईल. चालू ठेवायचं असेल तर तो भाव घ्या, नसेल तर ‘बंद करा’ एवढंच बोलत राहा आणि पुष्टीचा ईमेल येईपर्यंत फोन ठेवू नका. गाडी विकताना हे विसरणारे बरेच असतात. गाडी दुसऱ्याची आणि बिल आपलं.

## ‘भारतात हे का नाही?’

होतं. वर्ल्डस्पेस. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या उद्योजकाने ही कंपनी काढली, मुख्यतः आफ्रिका आणि आशियासाठी. तिचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये वर गेला. ए. आर. रहमान तिच्या जाहिरातींचा चेहरा होता. पुण्यामुंबईच्या किती तरी घरांत शास्त्रीय संगीताची गंधर्व वाहिनी दिवसभर लावून ठेवलेली असायची, मध्ये एकही जाहिरात नाही. पण ते मुळात घरात बसून ऐकायचं होतं. अँटेना खिडकीत ठेवून त्याचं तोंड उपग्रहाकडे वळवावं लागे. गल्लीबोळांत आवाज पोचवणाऱ्या जमिनीवरच्या पुनर्प्रक्षेपकांचं जाळं इथे उभं राहिलं नाही, आणि त्याशिवाय शहरात गाडीतला सॅटेलाइट रेडिओ चालत नाही. २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेले श्रोते हळहळले.

स्टारलिंकच्या बातम्या वाचून हल्ली लोक दोन्हींची गल्लत करतात. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, हजारोंच्या संख्येने, आणि ते दोन्ही दिशांचं इंटरनेट देतात. रेडिओचे मोजके, ३६,००० किलोमीटरवर, फक्त बोलणारे.

आणि अमेरिकेहून परतताना ‘तुझा तो रेडिओ इकडे घेऊन ये’ असं घरचे म्हणाले तर आणू नका. सिरियसएक्सएमचे उपग्रह ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास आहेत. महाराष्ट्रातून ते क्षितिजाच्या खाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला येतात. टपाच्या मधोमध चिकटवला, आकाश कितीही मोकळं असलं, तरी पडद्यावर सिग्नल नाही एवढंच दिसेल.